विंगमागे एक मत

"सेक्रेटरी, सभा कधी बोलावतोस?" चष्मा कपाळावर चढवून सर विचारायचे. मी "बघतो" म्हणालो की म्हणायचे, "फ्रान्सचे राजेही बघतोच म्हणायचे. पावणेदोनशे वर्षं बघत बसले."

तुमच्याही सोसायटीत असा एखादा माणूस असेल. आमचे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सी विंगच्या चौथ्या मजल्यावर राहायचे. सी विंगला लिफ्ट नव्हती. सरांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, गुडघे गेलेले. दीड वर्ष त्या खाली उतरल्या नव्हत्या. सरांना लिफ्ट हवी होती आणि त्यासाठी सभा.

मी ए विंगमधला, लिफ्टवाला. आमच्या विंगला खर्च नको होता आणि मला भांडण नको होतं, म्हणून मी टाळत राहिलो. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी सभा झाली. आमच्याकडे जुना रिवाज, विंगमागे एक मत. ए विंगमध्ये बारा घरं, दुकानांवरच्या बी विंगमध्ये सहा, सी विंगमध्ये चाळीस. ए आणि बी एक झाल्या. लिफ्ट नामंजूर.

सर उठले. "वा! राज्यक्रांतीआधी फ्रान्समध्येही हेच. धर्मगुरूंचं एक मत, सरदारांचं एक आणि उरलेल्या अख्ख्या देशाचं एक!"

"सर, मग मी कोण?" बी विंगचा किराणावाला हसला.

"तू धर्मगुरू रे. उपासाचा साबुदाणा तूच विकतोस."

पुढच्या सभेत विंगा नको, घरं मोजा, अशी सरांनी लेखी मागणी केली. मी घाबरलो. सभेच्या दिवशी सोसायटीच्या हॉलला कुलूप ठेवलं आणि किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. किल्ली माझ्या खिशात होती.

सर चिडतील असं वाटलं. ते तर हरखलेच. "कुलूप लावलंस? अरे, तिकडेही लावलं होतं! मग लोक टेनिसच्या कोर्टात जमले, राज्यघटना झाल्याशिवाय हटायचं नाही अशी शपथ घेतली. चला रे सगळे, बॅडमिंटन कोर्टवर!"

सी विंग जाळीच्या दोन्ही बाजूंना सतरंज्या टाकून बसली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, "अहो, शपथ आवरा, भात गार होतोय!"

"मोजणी झाल्याशिवाय हलणार नाही!"

"मग मी जेवून घेते."

कोर्ट हसलं. मीही हसलो आणि घरं मोजली. लिफ्ट मंजूर झाली.

पण कागद मीच हलवायचे होते, आणि मी ते रमतगमत हलवले. दरम्यान काकू बाथरूममध्ये पडल्या. मालाडच्या लेकीने दोघांना आपल्या तळमजल्याच्या घरी न्यायचं ठरवलं. काकूंना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी खाली आणलं. खुर्चीचा पुढचा एक पाय माझ्या हातात होता. "हळू रे," काकू म्हणाल्या, "पाडलंस तर सगळी मतं फुकट."

सहा महिन्यांनी लिफ्ट सुरू झाली. पहिल्याच फेरीत वर जाऊन मी सरांना फोन लावला. "सर, झाली एकदाची. काकूंना घेऊन या ना, वर जाऊन बघा."

"तिला वर कुठे जायचं होतं रे? खाली यायचं होतं." मग तेच हसले. "इथे रोज फाटकात खुर्ची टाकून बसते. भाजीवालासुद्धा सुटत नाही तिच्या तावडीतून."

मी चौथ्या मजल्यावर, लिफ्टचं दार मिटू नये म्हणून मध्ये हात धरून उभा होतो.