जागोबा चालायचा, उल्कावीर उडायचा

शाणू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोरजीला एका गेस्ट हाऊसच्या पाटीवर कासव रंगवत शिडीवर उभा होतो. फोन त्याच्या पुतण्याचा होता. "शाणूकाका गेलो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी ब्रश डब्यात ठेवला आणि तसाच शिडीवर उभा राहिलो. मनात पहिलं काय आलं सांगू? उद्या पेपरात पहिल्या पानावर ह्याची बातमी येणार. चौकटीत फोटो, आणि शेजारी मान खाली घातलेला त्याचा चित्रातला जागोबा. मी जाईन तेव्हा आतल्या पानावर, निधनवार्तांच्या रांगेत, दोन-तीन ओळी... हे आधी आलं. रडू त्याच्या मागून आलं. मेलेल्या माणसावर लिहिताना असं काही लिहायचं नसतं, हे मलाही कळतं. पण "तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे, तुम्हीच लिहा" असा ह्या अंकाच्या संपादकांनी लकडा लावला, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की लिहीन, पण खोटं लिहिणार नाही. मी शाणूवर जन्मभर जळलो. आणि हो, बातमी पहिल्या पानावरच आली.

नव्या वाचकांसाठी सांगतो. एके काळी पणजीहून एक मराठी साप्ताहिक निघायचं आणि त्याच्या मधल्या जोडपानावर दोन चित्रकथा यायच्या. डाव्या पानावर शाणूचा जागोबा, उजव्या पानावर माझा उल्कावीर. शाणू डिचोलीचा, खाणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. मी पेडण्याचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचो. दोघांनाही साप्ताहिकाच्या संपादकांनी एकाच दिवशी बोलावलं आणि आम्ही कचेरीबाहेरच्या बाकावर पहिल्यांदा भेटलो. मी माझी चित्रं दाखवली. लाल पोशाख, सोनेरी पट्टा, आकाश फाडत जाणारा उल्कावीर! त्याने बघितली आणि म्हणाला, "बरो आसा रे. वयर थंडी वाजना त्याका?" वर आभाळात थंडी वाजत नाही का, म्हणे! झालं, तेव्हापासून मैत्री जमली. मग त्याने त्याचा कागद उलगडला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत चामड्याच्या वहाणा, असा एक धिप्पाड गडी गावाच्या शिवेवरून चालत होता. बस्स. मी मनात म्हटलं, हा कसला वीर, हा तर म्हशी शोधायला निघालेला दिसतो! आणि पोरांना तोच आवडला. साप्ताहिक आलं की पोरं आधी डावं पान वाचायची. मी एकदा संपादकांना म्हटलं, पानं बदलून बघा. त्यांनी बदलली. पोरं आधी उजवं पान वाचायला लागली.

तो काळ भाषेच्या वादाचा. कोकणी की मराठी ह्यावरून सख्खे भाऊ एका ताटात जेवेनासे झाले होते. माझा उल्कावीर शुद्ध मराठीत गर्जना करायचा, त्यामुळे अर्ध्या घरांनी त्याला वाळीत टाकलं. जागोबाला मात्र दोन्हीकडचे आपला म्हणत, कारण तो कधी बोलतच नसे! शिवेवर काही वाईट यायला लागलं की काठी आपटायचा, इतकंच. एकदा म्हापशाला दोन्ही बाजूंची चार-पाच माणसं शाणूला गाठून विचारू लागली, की जागोबा नक्की कोणत्या बाजूचा? शाणू म्हणाला, "तो उलयना. तो आयकता." तो बोलत नाही, ऐकतो... ती माणसं आपापल्या वाटेने गेली. मी शेजारी उभा होतो. असं उत्तर मला सात जन्मांत सुचलं नसतं आणि ह्याच्या तोंडून ते विडी मागावी तसं निघालं.

मग घरोघरी टीव्ही आले, रविवार सकाळच्या मालिका आल्या, आणि मुंबईच्या एका कंपनीच्या डोक्यात आलं की गोव्यातलाच एखादा वीर घेऊन मुलांसाठी मालिका काढावी. त्यांचा माणूस गाडी घेऊन डिचोलीला शाणूच्या दारात उतरला. मी त्याला साहेबच म्हणतो, नाव कशाला घ्या. शाणूने मला निरोप पाठवला, "तूं ये. माका एकट्याक तेंच्याकडे उलोवंक जमचें ना." एकट्याला बोलणं जमायचं नाही म्हणतो, म्हणून सोबतीला गेलो. मालिनीवहिनींनी चहा आणि पोदेराकडचे उंडे पाव ठेवले आणि मी कदेलीवर पाठ टेकून बसून बघत राहिलो, की माझ्या मित्राच्या घरी लक्ष्मी चालून आली आहे आणि हा गाढव तिला उभीच ठेवतो आहे.

साहेबांचा करार जाडजूड होता. जागोबाचं नाव, रूप, पोशाख, काठी, सगळे हक्क कायमचे कंपनीकडे, सगळ्या भाषांत, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत. शाणूने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला. साहेबांनी तेवढ्यात दोनदा घड्याळ बघितलं. मग साहेब म्हणाले, "बाकी सगळं छान आहे, फक्त दोन बदल. ह्याला उडता आलं पाहिजे आणि त्या वहाणा जाऊन बूट आले पाहिजेत. वहाणा घातलेला वीर टीव्हीवर कोण बघणार?"

शाणू म्हणाला, "जागोबा उडचो ना."

"का पण?"

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पेडण्याकडे, सावंतवाडीकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची हद्द फिरतो, फिरून फिरून त्या झिजतात, मग लोक नव्या आणून ठेवतात. जागोबा त्यातूनच आलेला. शाणूने हे सगळं साहेबांना शांतपणे समजावलं आणि म्हणाला, "साहेब, तो उडाला तर शीव कोण राखणार? वरून जाणाऱ्याला हद्द दिसते कुठे?"

साहेब हसले. "बरं, एखाद्या भागात तरी उडू दे!"

"एकदा उडलेला परत कशाला चालेल?" शाणू म्हणाला. "आणि हे दुसरं बघा. टीव्हीवर तुम्ही दाखवा, पण साप्ताहिकात मीच काढणार, हे लिहून द्या."

"तसं नसतं हो. हक्क घेतले की पात्र कंपनीचं. तुम्हाला काढायचं तर आमची परवानगी लागेल."

शाणूने करार मिटून त्यांच्यापुढे सरकवला. मग आत बघून म्हणाला, "गो, साहेबांक आनीक एक चा दी." म्हणजे विषय संपला. साहेब आणखी दोनदा येऊन गेले. रक्कम वाढवली, बुटांऐवजी जोडे म्हणाले, उडण्याऐवजी उंच उड्या म्हणाले. शाणू हलला नाही. आणि मी प्रत्येक वेळी तिथे बसून आतल्या आत करपत होतो. जे मिळावं म्हणून मी देवाला नारळ बोलत होतो, ते हा चहा पाजून परत पाठवत होता! नको म्हणायची ऐपत कुठून आली ह्याच्याकडे? खाणीच्या कचेरीतला साधा नोकर, घराची कौलं गळतात, आणि ऐट बघा.

तिसऱ्या वेळी साहेब चिडून उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि दार लावता लावता म्हणालो, "साहेब, माझा उडतो."

पुढच्या आठवड्यात साहेब पेडण्याला आमच्या सोप्यावर. सही करायच्या आदल्या संध्याकाळी शाणू स्कूटर मारत आला. मला वाटलं, पोटात दुखायला लागलं ह्याच्या. तो म्हणाला, "जयराम, वाचून सही कर हां. काढायचा हक्क तुझ्याकडे ऱ्हावंक जाय." मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि काय गोड वाटलं म्हणून सांगू! आता जळायची पाळी ह्याची, म्हटलं. "तुला नाही जमलं ना, मग माझ्या दुधात मीठ टाकू नकोस," मी म्हणालो. तो आत जाऊन माझ्या आईशी दोन शब्द बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी साहेबांनी बोट दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या. नंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गेले. बाजारात लोक थांबवून विचारायचे, मालिका कधी? शाणूबरोबर कुठे गेलो की लोक आधी माझ्याशी बोलायचे. त्या सुखाबद्दल मी आजही कोणाची माफी मागणार नाही.

मालिका आली नाही. कंपनीने एक भाग काढला म्हणतात, पण तो कोणी बघितला नाही. त्यांचं काही फिसकटलं. साप्ताहिकाला मात्र त्यांचं पत्र वेळेवर आलं, की उल्कावीर यापुढे छापू नये, तो आमचा आहे. घटक राज्य झाल्याचे फटाके पणजीत वाजत होते. गोवा स्वतःचा झाला त्याच सुमारास माझा उल्कावीर परक्याचा झाला. शेवटच्या छापलेल्या चौकोनात तो तेरेखोल नदीवर, हवेत, मधोमध आहे. खाली फेरीबोट बुडते आहे, माणसं हात वर करून ओरडताहेत, आणि कोपऱ्यात क्रमशः... त्याला तिथून खाली उतरवायची परवानगी मला नव्हती. मी मुंबईला पत्रं घातली. कंपनीने जागा सोडली होती, हक्क कोणाला विकले ते कोणी सांगेना. शाणू म्हणाला, "चल, आपण दोघे जावया, सोडवून हाडूया त्याका." मी गेलो नाही. त्याला सोडवणारा शाणू ठरला असता, आणि ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा लोंबकळत राहू दे, म्हटलं.

त्यानंतर मी गोष्टीसाठी चित्र काढलं नाही. मांद्रे, मोरजीकडे गेस्ट हाऊस वाढत गेली तशा माझ्या पाट्या वाढल्या, पोट चाललं. जागोबा चालतच राहिला. साप्ताहिक बंद पडलं तर तो दैनिकाच्या पुरवणीत गेला. शाणूला शाळांतून बोलावणी यायची. त्याच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसला होता, आवाज पार खोल गेलेला. मला बघून म्हणाला, "जयराम, तुझो अजून थंयच लोंबकळता मरे?"

"तुझ्या बापाचं काय जातं?" मी म्हणालो. तो इतका हसला की वहिनी धावत आल्या. आमचं शेवटचं बोलणं ते.

बारावं झाल्यावर काही दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "जयरामबाब, पुरवणीवाले विचारतात, जागोबाक आतां कोण काडतलो? हे जाताना म्हणून गेले, जयरामाक दी म्हणून. दुसऱ्याक ना." मी तडकलोच. मेल्यावरसुद्धा मोठेपणा त्यालाच! स्वतःचा सांभाळला आणि आता मला उष्टा वाढून गेला. "मला नको," मी म्हटलं. "मला माझा हवा होता, वहिनी." त्यांनी नुसतं त्याच्या खोलीचं दार उघडलं. जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, मेज, मेजावर चौकोन आखून ठेवलेला कोरा कागद, पेन्सिली टोक करून ठेवलेल्या... मी ते बघायला नको होतं. इतकी वर्षं उपाशी असलेला माणूस, वाढलेल्या पानापुढे किती वेळ रुसून बसणार? बसलो. जागोबाचा हक्क वहिनींच्याच नावावर राहील, मी फक्त काढीन, एवढं मात्र आधी स्वच्छ लिहून काढलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

पहिला चौकोन काढून झाला. शिवेवरून जाणारा जागोबा. मला बरा वाटला, खोटं कशाला सांगू, शाणूपेक्षा सरस वाटला. वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "बरो जाला," म्हणाल्या. मग आणखी वाकून, "पण तो असो चलना."

मी भडकलो. "मग कसा चालतो? दाखवा बघू!"

सत्तरी गाठलेली बाई. त्यांनी चहा बाकावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि दारापासून जनेलापर्यंत चालून दाखवलं. "आदीं टांच पडटा. मागीर पाय." टाच आधी, पाऊल मागून. डावा खांदा जरा खाली, हात काठी धरल्यासारखा, दोन-चार पावलांनी थबकायचं, कान द्यायचा, मग पुढे. चित्र काढायच्या आधी शाणू ह्या खोलीत असाच फेऱ्या मारायचा म्हणे, आणि त्या रांधताना दारातून बघायच्या. मला हे कधी माहीत नव्हतं. जनेलाशी त्या वळल्या, भुवया आखडून बाहेर बघितलं, आणि शाणू समोर उभा राहिला... तोच, जसाच्या तसा. आणि त्याच क्षणी, सांगतो, मी पुन्हा त्याच्यावर जळलो. ह्याचा जागोबा कसा चालायचा हे ठाऊक असलेलं माणूस ह्याच्या घरात आहे. माझा उल्कावीर कसा उडायचा, हात पुढे असायचे की अंगालगत, मान वर की खाली, हे मी कोणाला विचारू? मी काढून बघितला होता एकदा, चोरून. मला आठवला नाही.

"परत एकदां दाखोवूं?" वहिनींनी विचारलं.

मी नवा कागद ओढला. म्हटलं, "दाखवा."