वैजूच्या टाकीतलं फिकट हिरवं पाणी

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळी आठ. राहू गावचा नदीकाठ, वैजयंताचा दहावा. हजर : तिचे यजमान दत्ताभाऊ, दोन नणंदा, भावकी, शिरूरच्या आमच्या कॉलेजातले तिघे आणि मी. याद्या करायची मला सवय आहे. त्या सकाळी दुसरं काही सुचलंही नाही...

वैजू आणि मी प्राणिशास्त्र शिकवायचो. चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेमागे आम्ही पाण्याच्या दोन टाक्या मांडल्या, एक तिची, एक माझी. पाण्यात बारीक हिरवं शेवाळ वाढतं, ते पाणपिसवा नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव खातात. पिसवा फार झाल्या की शेवाळ संपतं, मग त्याही उपाशी मरतात. दोघांचा मेळ किती दिवस टिकतो, एवढंच मुलांना दाखवायचं होतं.

माझ्या टाकीला वेळापत्रक होतं. सोमवारी मोजून खत, शनिवारी तळ घासून साफ. पाणी हिरवंगार व्हायचं, पिसवांचा नुसता बुजबुजाट, आणि महिनाभरात सगळं मेलेलं. वैजू खत चिमूटभर घालायची, तळाला हात लावायची नाही. तिचं पाणी फिकट हिरवं, पिसवा मोजक्या. दोन वर्षं तसंच. मुलं आधी तिच्या टाकीकडे धावायची. मला ते बघवायचं नाही.

वर्गात ती पुस्तकी बोले, माझ्याशी मात्र राहूची भाषा. "ताई, लई खाऊ घालता तुम्ही. शेवाळ माजलं की पिसवा माजत्यात, आन् समदं खाऊन बसत्यात. जरा उपाशी ठेवा की."

"दत्ताभाऊंना तसंच ठेवतेस वाटतं?"

"म्हणून तर टिकल्यात."

प्रदर्शनासाठी प्रयोग निवडायला पाहुणे आले, तेव्हा वैजू तासावर होती. "ही टाकी दोन वर्षं आपोआप टिकली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "कालव्याचं पाणी घालतात मधूनमधून. त्यातून नव्या पिसवा येतातच." तिनं कधीही तसं केलं नव्हतं. पाहुण्यांनी शेऱ्यात तेच लिहिलं आणि तिचा प्रयोग वगळला. माझाही घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी टाकी पुन्हा मेली. वैजूनं स्वतःच्या टाकीतला वाटीभर गाळ आणून दिला. "ह्यात पिसवांची अंडी असत्यात. वाईट दिवसांत निजून ऱ्हात्यात, पाणी सुधारलं की उठत्यात. तुम्ही दर शनिवारी तीच घासून टाकता." वाटी घेताना मला रागच आला, हिला हेही ठाऊक. पण गाळ घातला, घासणं थांबवलं, खत कमी केलं. टाकी अजून चालू आहे. मुलांना मी ती माझी म्हणून दाखवते.

थोड्याच दिवसांच्या आजारानं वैजू गेली. दहाव्याचे विधी आटोपल्यावर दत्ताभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ती कालव्याच्या पाण्याची थाप कुणी मारली, ह्याचा लई घोर व्हता तिला. शेवटपर्यंत इचारायची. तुम्हाला म्हाईत हाय का?"

मी "नाही" म्हणाले.

हा लेख रविवारी छापून येईल. दत्ताभाऊंकडे हाच पेपर येतो. त्याआधी राहूला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे तोंडानं सांगायचं आहे. आज शुक्रवार. दुपारची एसटी मी आत्ताच जाऊ दिली.