माझ्या पाठीमागचं मैदान

चैत्र नुकता लागला होता तेव्हा कोपरा फाडलेलं कार्ड आलं. पोस्टमनने ते हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "नथूबाबा, आंघोळ करून घ्या." अशा कार्डात काय असतं ते न वाचताही कळतं. तरी मी चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं. उखा गेला... नंदुरबारचा, जिनातला उखा. कार्ड त्याची लेक सुभद्रा हिनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, आणि खाली एक ओळ जास्तीची होती : आबा शेवटपर्यंत विचारत होते, आखाजीला किती दिवस राहिले. असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं असतं, घरात ठेवत नाहीत. मी ठेवलं. सून बोलली, शेजारचे बोलले, मी ऐकलं नाही. हा लेखही मीच लिहितोय. शाळा माझी दुसरीपर्यंत. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांना सांगून ठेवलंय, काना-मात्रा सुधारायचा तर सुधारा, शब्दाला हात लावू नका.

आखाजीचं, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचं, असं झालं. माघात मी नंदुरबारला उतरलो होतो, पुढची गाडी पकडायची होती, म्हणून उखाकडे डोकावलो. त्याला दिसायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. दारात पाऊल वाजलं तसा खाटेवरून ओरडला, "कोन शे?"

"मी."

"मी म्हननारे या घरमा तीन शेतस. तू कोनता?"

"सांधेवाला."

"मंग बस ना भो. सांधा बदलीसन उना का वाट चुकीसन?"

बसलो. चहा झाला, खोकला झाला, कोण कोण गेलं ते मोजून झालं. मग तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "नथू, तो गोल कसा व्हयना? आते तरी सांग." मी म्हणालो गाडीची वेळ झाली, आखाजीले येसू, मंग निवांत सांगसू. "नक्की?" म्हणाला. "सांधेवाल्याचा शब्द शे," मी म्हणालो. तो हसला... "सांधेवाल्याचा शब्द मी भिंतवर ऐकेल शे." गाडीला तेव्हा तासभर अवकाश होता. मी स्टेशनवर जाऊन बाकड्यावर बसून राहिलो, तासभर.

तो गोल कोणता आणि ती भिंत कोणती, ते आता सांगितलं पाहिजे. मी तेव्हा नंदुरबारलाच रेल्वेत सांधेवाला होतो. रूळ जिथे फुटतात तिथला सांधा फिरवून गाडीला वाट द्यायची, हे माझं काम. उखा स्टेशनापलीकडच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायला होता. कापसाचा हंगाम संपला की जिनाचं आवार पावसाळाभर मोकळं पडायचं. एरवी जिथे कापसाच्या बैलगाड्या सुटायच्या तिथे गवत यायचं, आणि त्या गवतात फुटबॉल. रेल्वेचा एक संघ, जिनाचा एक, शाळेचा एक, शहाद्याकडून, तळोद्याकडून एखादा यायचा. आवाराला पुरुषभर उंच भिंत होती, कापसाला आग लागू नये, कोणी विडी घेऊन शिरू नये म्हणून. आत खुर्च्यांवर शेठ, मामलेदार, स्टेशनमास्तर, वकील. बाहेर सगळं गाव... हमाल, गाडीवान, जिनातल्या बाया, बाजाराला आलेले लोक. त्यांना दिसायचं काही नाही, नुसता आतला गलका ऐकू यायचा. तेव्हा उखा भिंतीवर चढून बसला आणि आतलं बाहेर सांगायला लागला. त्यानं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून कर्णा करून घेतला होता. गावात रेडिओ येण्याआधी कितीतरी वर्षं आमच्या गावाला सामना ऐकू येत होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

पहिली दोन वर्षं तो एकटाच सांगायचा. भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखा बसायचा, एक पाय आत, एक पाय बाहेर. त्यामुळे एकाच बाजूचा गोल समोर दिसायचा. चेंडू पाठीमागे गेला की मान इतकी वळवायचा की एकदा तोल जाऊन चणेवाल्याच्या टोपलीत पडला. चणेवाल्यानं त्याला कर्ण्यासकट बाजारभर फिरवला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, एक बाजू मी सांगतो. तसे आम्ही भिंतीवर समोरासमोर बसायला लागलो, गुडघ्याला गुडघा लावून, बरोबर मध्यरेषेवर. माझ्या समोरचं, म्हणजे त्याच्या पाठीमागचं स्टेशनकडचं अर्धं मैदान माझं. माझ्या पाठीमागचं, टाकीकडचं, त्याचं. कर्णा एकच. चेंडूनं मध्यरेषा ओलांडली की कर्णा ह्या हातातून त्या हातात. हा नियम माझा. उखा म्हणायचा, "सांधेवाल्याले सगळीकडे हद्द लागस." पण पाळायचा.

त्याचं सांगणं आणि माझं सांगणं, जमीन-अस्मान. मी जसं दिसेल तसं सांगायचो : अमक्यानं घेतला, तमक्याला दिला, बाहेर गेला. उखाच्या अर्ध्यात चेंडू म्हणजे दावं तोडलेलं वासरू असायचं, गोलकीपर म्हणजे लग्नात रुसलेला व्याही. बाया हसून हसून खाली बसायच्या. लोक म्हणायचे, नथूकडे सामना ऐकायचा आणि उखाकडे मजा. मला ते लागायचं... पण एकाचं ऐकून दुसऱ्याशिवाय कोणाचं भागायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. कितीतरी पावसाळे मी त्याच्या पाठीमागचं पाहिलं आणि त्यानं माझ्या.

भिंतीवरच्या आमच्या शेवटच्या वर्षी अंतिम सामन्याच्या आधीचा सामना चालू होता. चेंडू टाकीकडे, कर्णा उखाकडे, आणि त्याला खोकल्याची ढास लागली. बाहेरचे लोक "काय व्हयनं, काय व्हयनं" करायला लागले. मी मागे वळलो, चेंडू गोलकडे जाताना दिसला आणि तोंडानंच ओरडलो, गोल! फेटे उडाले. चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला होता. उखानं कर्णा उचलला आणि सगळ्या गावाला सांगितलं, "ऐका हो! सांधेवाल्यानं लाल दिव्यावर गाडी सोडी दिन्ही!" गाव हसलं. पुढे महिनाभर स्टेशनात गार्डापासून हमालापर्यंत जो तो मला विचारायचा, नथू, दिवा कोणता शे? माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून एक गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. मी उखाला बजावलं, तुझ्या अर्ध्यात यापुढे मेलो तरी तोंड घालणार नाही. तो म्हणाला, "अरे, गंमत व्हती भो." मी म्हणालो, मला गंमत कळत नाही.

मग अंतिम सामना. रेल्वे आणि जिन. जिनाकडून दित्या खेळत होता. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला, कापसाच्या गठाणी उचलायला आलेला, अनवाणी खेळायचा. उखानंच त्याला कामाला लावलं होतं, तो जेवायचाही उखाकडेच, सुभद्रेच्या हातचं. सामना संपत आला तरी कोणाचाच गोल नव्हता. भादव्यातलं आभाळ, सातपुड्याकडून काळं भरून आलेलं. माझ्या अर्ध्यातून चेंडू सुटला, मध्यरेषेपलीकडे गेला, मी कर्णा दिला. उखा म्हणाला, "चेंडू आला... चेंडू..." आणि थांबला. मला वाटलं खोकला. त्यानं कर्णा खाली केला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "नथू, माले दिखत नही. तू सांग."

मी म्हणालो, "तुन्ही हद्द शे."

त्यानं कर्णा माझ्या छातीला लावला. मी हात मांडीवरून उचलला नाही. मला वाटलं हा गावाला माझ्यावर पुन्हा हसवणार, पुन्हा लाल दिवा करणार. पण आत गलका उठला तसा मी मागे वळलो आणि पाहिलं... सगळं पाहिलं. बाहेर लोक विचारत होते. उखानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बोललो नाही. मग त्यानं अंदाजानं कर्णा तोंडाला लावला आणि ओरडला, "गेला! बाहेर गेला!"

तो गोल होता. दित्याचा गोल.

दार उघडलं, जिनाचे लोक दित्याला खांद्यावर घेऊन नाचत बाहेर आले तेव्हा गावाला कळलं. चिखलाचे गोळे भिंतीवर आले, बरेचसे उखाला लागले, काही मला. ते सुकले, गेले. पण दित्या खांद्यावरून उतरून भिंतीखाली आला आणि वर पाहून म्हणाला, "आबा, मन्हा गोल तुम्ही खाई टाका?" उखानं कर्णा काखेत मारला आणि भिंतीवरून उतरला. माझ्याकडेही पाहिलं नाही. पुढल्या वर्षी दित्या डोंगरात गेला तो परत आला नाही.

उखाचे डोळे दोन वर्षांपासून जात होते, हे मला त्यानंतर त्याच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं. उजेड कमी झाला की त्याला चेंडू दिसायचा नाही. आतल्या गलक्यावरून सांगायचा आणि माझ्या चेहऱ्यावरून. त्याच्या अर्ध्यात काही घडलं की मी चोरून मागे पाहायचो, आणि पुन्हा समोर वळलो की माझं तोंड पाहून तो ओळखायचा. शेवटची दोन वर्षं वासरू आणि रुसलेला व्याही कशासाठी होते, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी तोंडसुद्धा दगडासारखं ठेवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात सामन्यांच्या कमिटीच्या वकिलांनी मला बोलावलं. म्हणाले, आता सामन्यांची वाटणी करू. साधे सामने तू सांग, सगळं मैदान तुझं. अंतिम सामना शाळेचे मास्तर सांगतील, त्यांची भाषा शुद्ध आहे. मी म्हणालो, मला अर्धं मैदान द्या आणि उरलेलं उखाला द्या, नाहीतर काही नको. वकील हसले, "अरे, आंधळ्याला मैदान कशाला?" मी उठून आलो. मास्तर भिंतीवर चढले नाहीत, शिडीवर उभे राहिले. "चेंडू मध्यरेषेच्या पलीकडे मार्गस्थ झाला आहे," असं सांगायचे. बाया भाकरी करायला घरी गेल्या. मग सुरतेहून विजेचा कर्णा आला, मग लढाई लागली. उखाशी बोलणं सुटलं नव्हतं, पण त्या दिवसाचं तो विचारायचा आणि मी विषय बदलायचो. कधी गाडीची वेळ, कधी पाऊस, कधी कोणाचं लग्न.

लढाईच्या दिवसांत वाचनालयात बॅटरीवरचा रेडिओ आला. बातम्यांना पायरीवर गर्दी व्हायची. बातम्या झाल्या की लोक उठायचे, उखा बसून राहायचा. कधीमधी कलकत्त्याकडचा फुटबॉल लागायचा, इंग्रजीत, खरखर जास्त आणि सामना कमी. आम्हा दोघांना इंग्रजी येत नव्हतं. एकदा त्यानं माझा दंड धरला. "ऐक. आते दुसरा बोली ऱ्हायना. त्यासनी बी वाटी लिन्हं शे." वाचनालयाच्या कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, ते मैदान वाटत नाहीत, वेळ वाटतात. थोडा वेळ एक, थोडा वेळ दुसरा. कोणता सामना कोणत्या रेडिओ स्टेशननं सांगायचा, तेही वरून ठरतं. उखाला नवल वाटलं.

"म्हंजे एकलाच दोन्ही बाजू पाहस?"

"हो."

"मंग त्याना पाठमागे कोन ऱ्हास?"

 मी गाडीची वेळ सांगून उठलो.

आखाजीला मी गेलो. शब्द दिला होता. सुभद्रेनं बापाच्या नावानं घागर भरली होती, आंब्याची पानं ठेवली होती, खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. कर्णा कोठीजवळ खिळ्याला टांगलेला. कोठीत ज्वारी ओतायला ती तो उलटा धरून वापरते, आत पीठ बसलं होतं. मी मागितला. धोतरानं पुसला. उखाच्या खाटेवर, कोणी काही म्हणो, घोड्यावर बसल्यासारखा बसलो, पलीकडच्या टोकाकडे तोंड करून. त्या टोकाला कोणी नव्हतं. आणि सांगितलं... मोठ्यानं सांगितलं, सगळं घर दारात आलं.

चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला, उखा. दित्यानं छातीवर घेतला. पुढे आपला रेल्वेचा फायरमन, हत्तीएवढा. दित्यानं चेंडू त्याच्या दोन पायांतून काढला आणि स्वतः बाजूनं गेला. तिथे चिखल होता. घसरला, एका हातावर पडला, उठला, चेंडू सुटू दिला नाही. गोलकीपर पुढे आला, हात पसरून. दित्यानं गोलकडे पाहिलंच नाही. त्यानं भिंतीकडे पाहिलं, वर, तुझ्याकडे... आणि डाव्या पायानं मारला. टाकीकडच्या खांबाच्या आतल्या अंगानं, जमिनीला चिकटून. गोल, उखा. गोल.

मग चेंडू मध्यावर आणून ठेवतात. तिथून तो माझ्या अर्ध्यात यायचा होता. मी कर्णा खाटेच्या त्या टोकाला, त्याच्या जागी ठेवला, आणि तो परत घ्यायला सवयीनं हात पुढे केला. सुभद्रेला वाटलं काका पाणी मागतायत. तिनं पाण्याचा लोटा हातात दिला. मी प्यालो.