लोकरीची गोधडी

क्रोशाची सुई हातात आली की व्हर्ली स्लोनची जीभ दुप्पट चाले. टीव्हीवरच्या पाद्रीबाबाला ती उलट उत्तरं द्यायची, खिडकीखालून जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि एवढं करून विणकामातला खांबाचा एकही टाका चुकायचा नाही. वय अठ्ठावन्न. लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळच नाही मिळाला बाई. चोवीस वर्षं कारखान्यात शर्टांना कॉलरी लावत होते."

त्या कॉलरींनीच तिची बोटं खाल्ली. सांध्यांच्या गाठी झाल्या, शिवणाची बारीक सुई चिमटीत ठरेना. आणि केंटकीच्या त्या डोंगरखोऱ्यात जिला हाताने गोधडी शिवता येत नाही, ती बाई कसली! त्यातून थोरली बहीण ऑपल म्हणजे चर्चच्या तळघरात दर मंगळवारी भरणाऱ्या गोधडीमंडळाची सर्वेसर्वा. तिचे टाके बघायला भिंग लागायचं. व्हर्लीने निमूट क्रोशाची जाड सुई मुठीत धरली आणि खोऱ्यातल्या प्रत्येक बाळाला लोकरीचं पांघरूण विणून दिलं. ऑपल त्यांना 'जाळी' म्हणायची.

अशात ऑपलच्या धाकट्या लेकीचं, कॅसीचं लग्न ठरलं. ती सरळ मावशीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, माझ्या पलंगावरची गोधडी तू करायचीस."

"मी? आईला सांगितलंस?"

"सांगितलं. तीन दिवस बोलत नाहीये."

"अगं बाई! मग तीन दिवस सुखाचे गेले म्हण की."

व्हर्ली हसली खरी, पण हातातली सुई तिने खाली ठेवली. लग्नाच्या आदल्या दुपारी घरच्या बायका नवरीचा पलंग मांडतात आणि त्यावर एकच गोधडी पडते, घरच्या हातची. तिथे आपली लोकर ऑपल पडू देईल? तिने तर कॅसीसाठी पांढरीशुभ्र गोधडी शिवून पेटीत तयार ठेवली होती. पण पोरीला नाही म्हणायचं व्हर्लीच्या जिवावर आलं.

कोणता नमुना घ्यायचा याचा तिने फार विचार केला नाही. आईच्या हातची एक गोधडी होती, 'ओंडक्यांचं घर' नावाच्या नमुन्याची. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध लाल तुकडा, ती घरातली चूल. तिच्याभोवती पट्ट्या, दोन बाजूंना उजळ, दोन बाजूंना गडद. दोघी बहिणी लहानपणी तिच्याखालीच झोपायच्या. पुढे ती पुरात गेली. त्यानंतर ऑपलने ढीगभर गोधड्या शिवल्या, पण त्या नमुन्याला कधी हात लावला नाही.

आईने त्या गोधडीत कोणकोणते जुने कपडे लावले होते ते व्हर्लीने आठवून आठवून त्या रंगांची लोकर जमवली. बाबांच्या कामावरच्या शर्टाचा निळा, आईच्या झग्याचा तपकिरी, ऑपलच्या शाळेतल्या फ्रॉकचा पिवळा. तो पिवळा मिळेना, तर दोन गावं पालथी घातली. थंडीभर चौकोन विणले, बेचाळीस झाले, वसंतात जोडले. लाल चूल मांडली की तिला इतका आनंद व्हायचा की एकटीच मोठमोठ्याने गात बसायची. आवाज भसाडा, पण ऐकायला होतं कोण!

एकदा ऑपल डोकावून गेली. तिने फक्त एक चौकोन पाहिला.

"यातून वारा जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे की. नवी नवरी आहे, थोडा वारा लागलेला बरा!"

ऑपल हसली नाही.

लग्नाची आदली दुपार आली. कॅसीच्या खोलीत तिच्या तीन मैत्रिणी, मोकळा पलंग, आणि दारात ऑपल, काखेत आपली पांढरी गोधडी. व्हर्लीने पिशवीतून पांघरूण काढून पलंगावर पसरलं. नेमकी या वेळी तिची जीभ चालत नव्हती.

ऑपलने चष्मा लावला. आधी उलटी बाजू पाहिली, कारण खरी शिवणारीण आधी तीच बघते. लोकरीचं एक टोक बाहेर सापडेना. मग सरळ बाजू. खालून दुसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हा चौकोन उलटा लागलाय. गडद बाजू वर गेलीय."

"आईचाही उलटाच होता, ऑपल. तिथेच. तुझ्या बाजूला."

ऑपल हळूच पलंगाच्या कडेवर बसली. निळ्या पट्टीवरून, तपकिरीवरून फिरत तिचा हात पिवळ्यापाशी आला.

"हा माझा फ्रॉक," ती म्हणाली. "मी किती मागे लागले होते आईच्या, हा उलटा चौकोन उसव म्हणून. म्हणाली, राहू दे, दोघी जागेवरून भांडता, ही तुझ्या बाजूची खूण." तिने बाहीनेच नाक पुसलं. मग पोरींवर डाफरली, "उभ्या काय राहिलात? मांजर आणा!"

कॅसी आनंदाने किंचाळलीच. खोऱ्यातली रीतच होती, नवी गोधडी पुरी झाली की बिनलग्नाच्या चौघींनी चार टोकं धरायची, मध्ये मांजर टाकून उडवायचं. ते जिच्याकडे उडी मारेल तिचं लग्न आधी. पण हा मान फक्त शिवलेल्या गोधडीचा. व्हर्लीच्या एवढ्या पांघरुणांसाठी आजवर कुणी मांजराचं नावही काढलं नव्हतं.

मैत्रिणींनी तीन टोकं धरली. चौथं? कॅसीचं तर उद्याच लग्न.

"तुझं लग्न झालंय का गं?" ऑपल व्हर्लीला म्हणाली. "धर!"

एक, दोन, तीन! मांजर वर गेलं, खाली आलं आणि त्याची सगळी नखं लोकरीत रुतली. कापडावरून ते निसटतं. लोकरीचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. मांजर गुरगुरतंय, पोरी हसून लोळताहेत, व्हर्ली ओरडतेय, "अगं माझे खांब! माझे खांब उसवतील!"

"आता आमची लग्नं कशी व्हायची?" एक मैत्रीण रडवेला चेहरा करून म्हणाली.

ऑपल पोट धरून हसत होती. श्वास आवरल्यावर तिने आपली पांढरी गोधडी घडी करून खुर्चीवर ठेवली.

"चाळीस गोधड्या शिवल्या मी," ती म्हणाली. "प्रत्येकीवरून मांजर पळालं. हिच्यावरून उठायला तयार नाही." आणि तिने दुसऱ्या बाजूचं टोक धरून व्हर्लीच्या लोकरीची गोधडी, मांजरासकट, लेकीच्या पलंगावर नीट ओढून घेतली.