एक दिवस विश्रांती

धारवाडच्या मळमड्डीत राहणारी हेमावती रोज सकाळी बसने हुबळीला कामाला जायची. ती गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील वारल्यावर घरी ती आणि आई वेणूबाई, एवढ्याच दोघी उरल्या होत्या. वडिलांचे स्नेही मुकुंदराव यांची हुबळीत लॉरी कंपनी होती. १९८६ साली त्यांनी कचेरीत कंप्युटर आणला आणि तो चालवायला हेमावतीला बोलावून घेतलं.

मशीन येण्याआधी मुकुंदरावांनी त्यासाठी वेगळी खोली रंगवून घेतली होती. बाहेरचे व्यापारी आले की ते त्यांना दारातूनच मशीन दाखवायचे. हेमावती कामात असली तरी म्हणायचे, "जरा काहीतरी छापून दाखव."

लॉरी केव्हा परत आली ते फाटकावरचा माणूस लिहून ठेवी. त्यावरून कुठला ड्रायव्हर किती वेळ मोकळा आहे याचा हिशोब हेमावतीच्या प्रोग्रॅमने करायचा. सुरुवातीला कागदावर नुसती मिनिटं यायची. पहिला कागद पाहून मुकुंदराव वैतागले.

"हे सातशे, आठशे काय आहे? वसंताने मिनिटांचे तास करत बसायचं काय?"

वसंत म्हणजे लॉऱ्या सोडणारा कारकून.

"तास लिहू का, काका?"

"तास लिही, दिवस लिही. माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे."

हेमावतीने दुपारभर बसून तो भाग नव्याने लिहिला. अर्ध्या दिवसापर्यंत तास छापायचे. त्यापुढे गेलं तर दिवस, आणि तेही पूर्ण आकड्यात. अर्ध्याहून जास्त झालं की पुढचा आकडा धरायचा, हे गणित तिच्या हातातलंच होतं. नवा कागद स्वच्छ दिसला. मुकुंदरावांनी तो सगळ्या कचेरीला दाखवला. घरी जाताना बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती.

पुंडलिक कंपनीचा जुना ड्रायव्हर, कलघटगीचा. एका संध्याकाळी घाट उतरून किनाऱ्यावर अंकोल्याकडे माल न्यायचा होता आणि वसंताने त्याला बोलावलं. पुंडलिक त्याच दिवशी पहाटे गाडी घेऊन आला होता. दिवसातला बराच वेळ माल उतरवण्यात आणि टायर बदलण्यात गेला होता. त्याचा क्लीनर गावी गेला होता, त्यामुळे सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं होतं.

"अण्णा, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा," तो म्हणाला. "माझे डोळे मिटतायत."

वसंताने कागद पुढे केला. "हे बघ. रेस्ट, वन डे. अख्खा दिवस झोपलास की रे. आणखी किती झोपणार?"

"कुठला अख्खा दिवस, अण्णा?"

"मी नाही म्हणत. कंप्युटर म्हणतोय."

हेमावती शेजारच्याच खोलीत होती. दार उघडं होतं. तिने मान वर करून पाहिलं. पुंडलिकनेही तिच्याकडे पाहिलं, बहुधा ती काही बोलेल म्हणून. ड्रायव्हर लोक कामाचा कंटाळा करतात असं तिने कचेरीत कितीदा ऐकलं होतं, आणि कागद तर तिचाच होता. तिने मान खाली घातली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत पोचली तेव्हा आवारात माणसं जमली होती. पुंडलिकची लॉरी अंकोल्याच्या वाटेवर अरबैल घाटात वळणावर कठडा तोडून खाली गेली होती. तो जिवंत होता, पण उजवा पाय केबिनमध्ये चिरडला होता.

हेमावती आपल्या खोलीत गेली आणि फाटकावरून आलेली वेळ काढून पुन्हा वजाबाकी केली. उत्तर आलं तेरा तास आणि वर काही मिनिटं. तेरा तास अर्ध्या दिवसाहून जास्त, म्हणून प्रोग्रॅमने एक दिवस धरला होता. उरलेले अकरा तास त्या माणसाला कधी मिळालेच नव्हते. ती मागच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

मुकुंदरावांना तिने त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आजच दुरुस्त करते, काका. तास आणि मिनिटं दोन्ही छापते."

"काही करायचं नाही," ते म्हणाले. "आता बदललंस तर आधीचं चुकीचं होतं असा अर्थ होतो. ड्रायव्हरला डुलकी लागली. कंपनीने त्याला पूर्ण एक दिवस विश्रांती दिली होती, तसा कागद आहे."

"पण तसं नव्हतं."

"हेमावती, तुझ्या वडिलांच्या माघारी मी तुझ्याकडे बघितलं. आता तू माझ्याकडे बघ."

तिने रात्री आईला सांगितलं. वेणूबाई म्हणाल्या, "नोकरी गेली तर आपलं कसं व्हायचं ते मला माहीत नाही. पण तू जेवत नाहीस, ते मला बघवत नाही."

पुंडलिकचं लायसन कायमचं रद्द करावं की नाही याची आर.टी.ओ. कचेरीत चौकशी लागली. कंपनीने तो कागद हजर केला. हेमावतीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून गेली आणि परवानगी मागून उभी राहिली. मुकुंदराव समोरच बसले होते. पुंडलिक कुबड्या घेऊन भिंतीला टेकला होता आणि त्याची बायको मथुरा त्याच्या शेजारी उभी होती.

हेमावतीने पाटीसारखा कागद धरून तेरा तासांचा एक दिवस कसा झाला ते कानडीत समजावलं.

अधिकाऱ्याने विचारलं, "म्हणजे यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही चुकलं, साहेब. मी सांगितलं तसं त्याने केलं."

"मग तुम्ही असं का सांगितलंत?"

"वाचायला सोपं जावं म्हणून."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मुकुंदरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ना तेव्हा ना नंतर. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीला कुलूप होतं.

लायसन कायमचं रद्द झालं नाही, काही महिन्यांसाठी थांबवलं गेलं. दोष निम्मा कंपनीवर आला. पण पुंडलिकचा पाय गुडघ्यात वाकेना, तेव्हा लॉरी चालवायचा प्रश्नच उरला नाही. कलघटगीतल्या एका लाकडाच्या वखारीत त्याला बसून करायचं काम मिळालं. हेमावतीने धारवाडातच, सप्तापुरात, कंप्युटर शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये नोकरी धरली. तिथे पगार कमी होता.

ती कलघटगीला पुंडलिकला भेटायला गेली. मथुराने चहा केला. पुंडलिकने पावसापाण्याचं विचारलं, धारवाडच्या बसचं विचारलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "अक्का, तुम्ही आत बसला होता. तेव्हाच का नाही बोललात?"

हेमावतीने दोन्ही कप उचलून आत नेऊन ठेवले.

ती पुन्हा एकदा गेली. त्यानंतर आणखी एकदा गेली तेव्हा मथुरा दारातच उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती, फार थकलेली दिसत होती.

"अक्का, तुम्ही चौकशीत बोललात ते आम्ही विसरलो नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुम्ही येऊन गेलात की यांना झोप लागत नाही. घाट, घाट म्हणून उठून बसतात. आता येऊ नका."

हेमावतीने सोबत आणलेली केळी उंबऱ्यापाशी ठेवली. आतून पुंडलिकने कोण आलंय म्हणून विचारलं. "कोणी नाही," मथुराने सांगितलं. हेमावती स्टँडकडे वळली.