नवस फेडला, तपासणी राहिली

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खाटेची नवार ओढणं. तिचा उजवा हात सुजलेला, म्हणून ती डाव्यानं ओढत होती आणि मी खेकसत होतो, "जोर लाव ना!" ती म्हणाली, "तुम्हीच बसा वर, वजनानं आपोआप ताणेल." हसलो दोघं. आठ दिवसांत ती अंथरुणाला लागली, ती उठलीच नाही.

खरं सांगतो, चूक माझी. जळगावला तिच्या छातीच्या कॅन्सरचे उपचार पुरे झाले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. मी कानबाईला नवस बोललो होतो. तो फेडला आणि म्हणालो, देवीनं बरं केलं, आता तपासायला जाणं म्हणजे देवीवरच संशय. ती माझ्या शब्दाबाहेर नव्हती. हात सुजला तरी नेलं नाही. दुखणं हाडांत उतरलं. ती गेली आणि मी देवापुढे हात जोडणं सोडलं.

यंदा श्रावणात भाऊबंदांकडे कानबाई बसली. रोटांच्या प्रसादासाठी पारोळ्याहून माझी धाकटी बहीण सिंधू आली. तिलाही तोच आजार. उपचार धुळ्याला पुरे झालेले, मंगळवारी तपासणी. म्हणते कशी, "नाना, नवस फेडला मी. आता कशाला जाऊ? देवीला काय वाटेल?" माझेच शब्द! पण कोणत्या तोंडानं बोलू? कानबाईकडे पाहून मनात म्हटलं, माय, मला बोलता येत नाही, तूच सांग.

तेवढ्यात दर्शनाला आलेली एक म्हातारी सिंधूकडे वळली. "कानबाई दरसाल बसाडतस ना वं? मांगला साल पूजी, आते गरज नही, आसं म्हंतस का? मंग दवाखानालेच आसं का बरं म्हंतस?" ओटी भरून ती निघूनही गेली. कोणाकडची पाहुणी, कोणालाच सांगता आलं नाही. मी त्यावर वाद घालत नाही. सिंधू एवढंच म्हणाली, "नाना, सोबत येता का?"

मंगळवारी धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीनवर छातीचा फोटो काढला. मी बाहेर बाकावर. हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे. सहा महिन्यांनी परत या." मी दवाखान्यातच ओरडलो, "सिंधे!" ती दटावते, "हळू, नाना! मला सोडलं, आता तुम्हाला भरती करतील."

शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी समजत होतो. वाट देवी दाखवते, चालायचं आपण, पुढचं तिच्यावर सोडायचं. हे कळायला मला बायको गमवावी लागली. तरी आनंद एवढा, की छातीत मावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या आरतीनंतर सगळ्यांपुढे उभा राहिलो. "माझी बायको माझ्या हट्टानं गेली. ज्या बाईचे उपचार संपले आणि तपासणीची तारीख चुकली, तिनं फाईल काढावी. सोबतीला मी येतो." शेजारची वत्सला गुपचूप उठली, घरी गेली आणि फाईल घेऊन आली. आम्ही नऊची एसटी धरली.