दाजी, लारी आणि डब्यातली बाई

दाजींच्या लारीत चढायचं तर आधी पाय धुवावे लागत. मागच्या फाळक्याला पाण्याचा डबा आणि एक पितळी गडवा कायम टांगलेला असे. वसमतच्या बाजाराला निघालेली माणसं ओळीनं पाय धूत, दाजी त्यांच्या टाचांकडे निरखून पाहत आणि समाधान झालं की मान हलवत. एकदा खुद्द पाटील तसेच चढायला लागले, तेव्हा दाजी म्हणाले, "पाटील, देवळात जाताना धुता ना?"

"देऊळ हाय का हे?"

"देवळाला इंजन नसतंय," दाजी म्हणाले. पाटलांनी पाय धुतले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी तेव्हा हट्ट्याच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो. शेती बऱ्यापैकी, दोन मुलगे, एक मुलगी आणि हळदीची पोती वसमतला पोचवणाऱ्या चार बैलगाड्या, असा त्यांचा संसार होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी ते पंधरा दिवस हैदराबादला जाऊन राहिले, गाडी चालवायला शिकले आणि नवी कोरी हिरवी लारी घेऊन दारात आले. आक्का भाकरतुकडा आणि पाणी घेऊन बाहेर आली. लारीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "ओवाळू कुठून? हिचं तोंड कोन्तं?" दाजींनी बराच वेळ विचार केला. मग दोन दिव्यांच्या मधली जागा दाखवून म्हणाले, "सध्या इथं समज."

लारीबरोबर हैदराबादहून एक ग्रामोफोन आणि सहा तबकड्या आल्या होत्या. त्यांतल्या पाच तबकड्या आम्ही फारशा ऐकल्या नाहीत. दाजींना एकच आवडे. उत्तरेकडच्या कुठल्याशा बाईंची ठुमरी होती ती. दाजी त्यांना 'बाई' म्हणत, आणि तेही आदरानं: "बाई आता गायला बसतील," "बाईंची पिन बदलावी लागंल." ग्रामोफोन केबिनमध्ये गोधडीत गुंडाळून ठेवलेला असे. पण चालत्या लारीत पिन उड्या मारी, आणि बाईंना असं उडवणं दाजींना मंजूर नव्हतं. म्हणून ते वाटेत एका चिंचेखाली लारी थांबवत, चावी देत आणि गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसत. हळद वसमतला उशिरा पोचे. अडते विचारत, "दाजी, वाटेत काही बिघाड?" दाजी सांगत, "न्हाई. गानं होतं."

गाण्याची भाषा त्यांना कळत नव्हती. मी उर्दू शिकलेला. एकदा मी उत्साहानं म्हणालो, "दाजी, अर्थ सांगू का? ती म्हणते आहे की..."

दाजींनी हात वर केला. "मास्तर, नका सांगू. बरं चाललंय आमचं."

या गाण्याला गावात एकच विरोधक होता. शेजारचे बुवा. बुवा भजनी मंडळाचे म्होरके. आवाज खडा आणि मत त्याहून खडं. माणूस समोर नसताना त्याचा आवाज येणं त्यांना पटत नसे. "डब्यातली बाई" हे नाव त्यांचंच. संध्याकाळी दाजींनी अंगणात तबकडी लावली की भिंतीपलीकडे बुवांचे टाळ सुरू होत, आणि गाणं संपलं की थांबत. दाजी कधी भांडले नाहीत. एवढंच म्हणत, "बुवांचं बी बरोबर हाय. त्यांच्याकडं लारी न्हाई."

मग लढाई लागली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. बाकीच्या लारीवाल्यांनी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या मागं बसवून घेतल्या. दाजी वसमतला जाऊन तसली एक लारी पाहून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. "तिच्या पाठीवर चूल बांधलीय," ते म्हणाले. त्यांनी बैलगाड्या पुन्हा जुंपल्या आणि लारी अंगणात छपराखाली उभी केली. रोज सकाळी ते ती पुसून काढत.

महिनाभरानं त्यांना वाटू लागलं की उभं राहून लारी कंटाळते. म्हणून एका रविवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना धुतलेले कपडे घालून लारीत बसायला सांगितलं. पाय धुऊन अर्थात. आक्कानं धपाट्यांचं गाठोडं घेतलं. दाजी चालकाच्या जागी बसले, चाकाला हात लावला आणि लारी जागची न हलता आमचा प्रवास सुरू झाला. थोड्या वेळानं दाजी म्हणाले, "औंढा आलं." आक्कानं हात जोडले, मुलांनी जोडले, मीही जोडले. पुढं एका ठिकाणी त्यांनी 'लारी थांबवली', बाईंचं गाणं झालं, धपाटी खाल्ली आणि आम्ही 'परत निघालो'. उतरताना आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रस्ता लई खराब हाय." लढाई संपेपर्यंत आम्ही अशा कितीतरी सहली केल्या. मुलांना त्या अजून आठवतात. धाकटीला तर आपण हैदराबाद पाहिलं आहे असंच बरीच वर्षं वाटत होतं.

लढाई संपली, पेट्रोल थोडंथोडं मिळू लागलं, आणि लारीला बरे दिवस येतात न येतात तोच आमच्या मुलखाला वाईट दिवस आले. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही अजून निजामी अंमलात होतो. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गावोगावी भीती पसरली. आज या गावात जाळपोळ, उद्या त्या गावात, अशा बातम्या येऊ लागल्या. ज्यांना जमेल ते घरदार कुलूपबंद करून पैनगंगेपलीकडे, वाशीमकडे निघाले. तिकडे हिंदुस्थान सरकारचा मुलूख होता.

दाजींनी कुणाशी सल्लामसलत केली नाही. पहाटे लारी चावडीपुढे आणून उभी केली आणि सांगितलं, "ज्याला जायचं त्यानं बसा." गडवा-डबा त्यांनी आदल्या दिवशीच काढून घरात ठेवला होता. त्या लारीत मग काय चढलं नाही! शेळ्या, उखळ, आजारी माणसं, ओली बाळुती. एका बाईनं शेणाच्या गोवऱ्यासुद्धा आणल्या होत्या. "तिकडं काय मिळतंय न मिळतंय," ती म्हणाली. दाजींनी त्या स्वतः हातानं वर घेतल्या. हट्ट्याहून हिंगोली, हिंगोलीहून कनेरगाव नाका, तिथून पुढं माणसं पायी नदी ओलांडत. अशा चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला आम्ही होतो: आक्का, मुलं, मी आणि बुवा. बुवांना कुणी नव्हतं, आणि त्यांचे गुडघेही राहिले नव्हते.

दाजींचा विचार या वेळी लारीसकट पलीकडे जाण्याचा होता. पण नाक्यावरच्या अंमलदारानं हात आडवा केला. "गाडी इधरच रहेगी. आदमी लोगां जाना है तो जाव."

"साहेब, लेकरंबाळं हैत."

"लेकरां जाव. गाडी नको." माणूस वाईट नव्हता. त्याला हुकूम होता, आणि उन्हानं तोही कावला होता.

दाजींनी लारी मागं वळवली आणि नाक्यापासून आत, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यात नेऊन उभी केली. काचा वर केल्या, दिव्यांवरची धूळ उपरण्यानं पुसली आणि ग्रामोफोनची पेटी खांद्यावर घेऊन ते आमच्याकडे आले. धाकटी आक्काचा पदर धरून, अंथरुणं माझ्या डोक्यावर, थोरल्या दोघांच्या हातांत भांडी. बुवा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते.

"मी हितंच बसतो," बुवा म्हणाले. "तुमी जावा. ती बाई न्या तुमची."

 दाजी पाठ फिरवून खळ्याकडे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. बुवांपुढे पाठ करून उकिडवे बसले. "बसा," म्हणाले.

"काहून?"

"बसा म्हनतो ना. ऊन चढून राहिलंय."

पैनगंगेत गुडघाभर पाणी होतं. मधोमध पोचल्यावर बुवा पाठीवरून म्हणाले, "जरा हळू. हादरे बसून राहिलेत."

"नवीन रस्ता हाय, बुवा," दाजी म्हणाले.

वाशीमला एका शाळेच्या ओसरीवर आम्हाला जागा मिळाली. दाजी दिवसभर हमाली करत आणि परत आले की भिंतीला टेकून गप्प बसत. जेवायला वाढलं की जेवत, विचारलं की उत्तर देत, पण आपणहून बोलत नसत. दहा-बारा दिवस असे गेले. आक्का मला म्हणाली, "मास्तर, ह्यांना हितं करमंना. काहीतरी बोल त्यांच्याशी." मी लारीबद्दल बोललो, शेतीबद्दल बोललो. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

एके दिवशी दिवेलागणीला बुवांनी घसा खाकरला. आम्हाला वाटलं, आता अभंग. पण बुवांनी त्या बाईंची ठुमरी सुरू केली. सुरुवातीच्या आलापासकट, मधल्या हरकतींसकट, शब्द न शब्द. त्या तबकडीवर एका ठिकाणी ओरखडा होता. तिथं पिन अडकून एकच शब्द तीनदा ऐकू येई आणि मग गाणं पुढं सरके. बुवाही तिथं अडकले, तो शब्द तीनदा म्हणाले आणि पुढं सरकले.

गाणं संपलं. दाजी भिंत सोडून पुढं सरकून बसले होते.

"बुवा, तुमाला येतंय?"

"धा वर्सं भिंतीपल्याड ऐकून राहिलो. न येऊन सांगतो कुनाला?"

"मंग टाळ काहून बडवत होता?"

बुवा चिडले. "बडवत? आरं, साथ करत होतो!"

दाजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. पुढं ओसरीवर हे गाणं रोज होऊ लागलं. ओरखडा बुवांनी कधी गाळला नाही.

भादव्यात हिंदी फौजा आत आल्या आणि आठवड्याच्या आत निजामी संपली. लोक आपापल्या गावी परतू लागले. आक्का, मुलं आणि बुवा सोबतीच्या बैलगाड्यांनी पुढं गेले. दाजी आणि मी लारी आणायला चार दिवस मागं राहिलो. एक जुनी बॅटरी विकत घेऊन भरून घेतली, पेट्रोलचा डबा मिळवला आणि ते ओझं काठीला अडकवून आम्ही दोघं कनेरगावला पोचलो. वाटेत दाजी खूप बोलले. हिरवा रंग उडाला असेल तर पुन्हा हिरवाच द्यायचा, असं ठरलं.

लारी खळ्यात जागच्या जागी होती. ताडपत्रीच्या कमानीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. आता भिण्याची पाळी दुसऱ्यांवर आली होती. मागं हौद्यात एक मुसलमान पिंजारी, त्याची बायको आणि म्हातारी आई राहत होती. त्यांचं गाव जवळच होतं, पण तिथं परतायची त्यांची हिंमत होत नव्हती. खळ्याच्या मालकानं त्यांना लारी दाखवली होती. आम्हाला पाहून पिंजारी खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.  बायकोनं सामान आवरायला घेतलं. सामान म्हणजे कापूस पिंजायची धनुकली, दोन भांडी आणि भाकरीची टोपली.

"राहू द्या, राहू द्या," दाजी म्हणाले. त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. ग्रामोफोन कुणी तरी नेला होता. मग त्यांचं लक्ष टोपलीकडे गेलं. टोपलीवर झाकण म्हणून एक तबकडी ठेवलेली होती. दाजींनी ती उचलली, उन्हात धरून पाहिली. तीच होती. त्यांनी ती पुन्हा टोपलीवर नीट झाकून ठेवली.

मग त्यांनी लारीभोवती एक चक्कर मारली, चाकांवर पाय आपटून पाहिला आणि पिंजाऱ्याला म्हणाले, "मोठा बिघाड दिसतोय. आज काही जमत न्हाई. तुमी ऱ्हावा हितंच. गाडीवर नजर ऱ्हाईल."

पेट्रोलचा डबा आणि बॅटरी घेऊन आम्ही हिंगोलीची वाट धरली.  थोडं अंतर गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "दाजी, बॉनेट उघडून तरी बघायचं होतं."

"काहून? लेकरू झोपलं होतं."

लारी घरी आली ती संक्रांत झाल्यावर, पिंजारी आपल्या गावी परतला तेव्हा. तोपर्यंत आक्का रोज विचारायची, "लारी कधी येनार?" आणि दाजी रोज सांगायचे, "एक पार्ट मिळून न्हाई राहिला. हैदराबादला लिवलंय."

त्याआधी, दिवाळीच्या सुमारास मला शाळेच्या कामानं हिंगोलीला जायचं होतं. निघताना आक्कानं माझ्या हातात एक बोचकं दिलं. धाकटीची जुनी अंगडी, टोपडी, एक दुपटं आणि वर बांधलेली करंज्यांची पुडी.

"तसाच कनेरगावपातूर जाऊन ये," ती म्हणाली. "आन् तू मला सांगितलंस ते ह्यांना सांगू नको. त्यांना वाटून राहिलंय, मला पार्टाचं खरं वाटतंय."